मायच्या बाजेवरचा कवडसा

जवाहरनगर,
३१ ऑक्टोबर १९७६

ती. शकुनवहिनी,

मधुकरचा नमस्कार. दिवाळी होऊन गेली, गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, तरी ह्या माणसाचं पत्र नाही म्हणून तुम्ही मला बोल लावला असेल. लावा. तेवढं तरी कोणी माझं नाव घेतलं म्हणायचं.

माझं रोजचं तेच. फॅक्टरीत पेट्यांच्या खात्यात सुतारकाम, मग बस, मग क्वार्टर. तुमची जाऊ गोदावरी वारली त्याला चार वर्षं झाली, पण कुलूप उघडताना मी अजून क्षणभर थांबतो, आतून कोणी 'आले का?' म्हणेल म्हणून. मूर्खपणा आहे, पण थांबतो.

तर मी एक नाद लावून घेतला आहे. दिवसभर पेट्या ठोकणारा माणूस घरी येऊन पुन्हा पेट्याच करतो, म्हणून शेजारचे तुलारामजी मला हसतात. पण ह्या पेट्या लहान, वीतभराच्या. चहाच्या खोक्याची फळकुटं, डब्याचा पत्रा, गोंद. एक बाजू उघडी ठेवतो, वर एक बारीक भोक पाडतो आणि आत काहीतरी कोरून मांडतो. उन्हात ठेवली की भोकातून ऊन आत जाते आणि मांडलेल्याची सावली भिंतीवर पडते. एका पेटीत सायकलचं चाक केलं, एकीत माझ्या खिडकीचे गज. तुलारामजींनी वाकून पाहिलं नि म्हणाले, "मधुकरजी, यात तर काहीच नाही, ऊन आहे!" म्हटलं, तेच तर ठेवलं आहे.

आता मला मायची खोली करायची आहे. छपराची मातीची कवेलू फेरणाऱ्याला सांगून माय दरवर्षी मधल्या खोलीवरचं एक कवेलू फुटकंच ठेवायला लावायची, आठवते ना? पावसाळ्यात त्यावर टिनाचा तुकडा, दिवाळी झाली की टिन काढायचा. घरात घड्याळ नव्हतं, तो कवडसा पाहून ती वेळ सांगायची.

बारा वर्षांपूर्वी माघात माय गेली तेव्हा मी इथे होतो. तार जुन्या पत्त्यावर गेली आणि मी एक दिवस उशिरा पोचलो. तुम्ही तेव्हा सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. दुपारी बाराची वेळ, कवडसा मायच्या हातावर होता, तुम्ही उशाशी बसल्या होत्या, माय म्हणाली, "मदू आला का?" आणि मान टाकली. वहिनी, ह्या एवढ्यावर मी बारा वर्षं काढली. ती घडी मला पेटीत बसवायची आहे. माघातल्या दुपारी पेटी उन्हात ठेवली की कवडसा आपणहून तिच्या हातावर आला पाहिजे. बॅटरी लावून फसवाफसवी करणार नाही. खरं ऊन, खरं माप.

मी स्वतः येऊन मोजलं असतं, पण तुम्हाला माहीत आहे. दादांनी माझी वाट न पाहता मायला नेलं आणि मी उंबऱ्यात उभा राहून म्हटलं की ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मागच्या वर्षी दादा गेले तेव्हाही घाटावरूनच परत फिरलो. शब्द निघाला तो निघाला.

म्हणून हे काम तुमच्याकडे. अंगणात मुसळ उभं करा. त्याची सावली सगळ्यात आखूड झाली की बारा वाजले समजा. लगेच आत जाऊन कवडशापाशी खूण करा आणि मायच्या बाजेपासून किती दूर आहे ते लिहा. खोलीची लांबी, रुंदी, कवेलूची उंचीही पाहिजे.

तुमचा,
मधुकर

&nbsp;

एकोडी,
ता. ९-११-७६

भाऊजी,

आशीर्वाद. मी मोठी आहो म्हणून देते, नाहीतर तुमच्या-माझ्यात पाच वर्षांचंच अंतर. मी या घरात लगन होऊन आली तवा तुम्ही शेंबूड पुसत मागं मागं फिरत होते.

पत्र वाचून अगोदर हसली. रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी, ते हेच! फॅक्टरीत पेट्या, घरी पेट्या, अन् आता मलेही कामाले लावलं. पण खरं सांगू का, बरं वाटलं. तुमचे दादा गेले, पोरगा भोजराज नोकरीसाठी भिलाईले गेला, तवापासून या घरात 'हे कर, ते कर' म्हणणारं कोणी नाही राहिलं. स्वयंपाक करते तर एकटीसाठी, नाही केला तर विचारणारं कोणी नाही. आता बारा वाजाची वाट पाहाले तरी काम झालं.

मुसळ उभं केलं. शेजारची सुलोचना विचारे, "काहून वो बाई, मुसळाची पूजा करून राहिली का?" म्हटलं, देवराले सावली मोजून पायजे. तोंडाले पदर लावून गेली. आता गावभर झालं असन.

एक अडचण आहे. भुई सारवली का खूण जाते. म्हणून कवडशाच्या वाटेवरचा पट्टा मी सारवतच नाही. बाज तिथंच आहे, उत्तरेच्या भिंतीले, जशी मायची होती. कवडसा आज बाजेच्या अडीच हात अलीकडे आहे, अन् रोज बोटभर तिकडे सरकून राहिला. बाकी मापं कागदाच्या मागं लिहिली आहेत. सुतळीनं मोजलं, हसाचं नाही.

धान कापून झाला. आता खळ्यावर भारे येतीन. जेवत जा वेळेवर.

शकुन

&nbsp;

जवाहरनगर,
२८ नोव्हेंबर १९७६

वहिनी,

तुमची मापं सुतळीची असली तरी आमच्या खात्यातल्या माणसापेक्षा चांगली आहेत. फुटाला एक इंच धरून खोली उभी केली. छपराला कवेलू एकेक कापून लावतो आहे. मातीची करून पाहिली, सुकून फुटली. मग सालईच्या लाकडाची केली. एकशे चाळीस झाली, तेवढीच राहिली आहेत. बाज झाली, सुताच्या दोऱ्यानं विणलीसुद्धा. पाहून मलाच भरून आलं.

कोपऱ्यात धानाची ढोली आहे, मायचा पाण्याचा गडवा आहे. गडवा हरभऱ्याएवढा झाला. आता माय राहिली. पूर्ण माय नाही करणार, माझ्या हातून तिचा चेहरा उतरणार नाही. गोधडी आणि गोधडीबाहेर आलेला एक हात, बस.

म्हणून एक विचारतो. कवडसा कोणत्या हातावर होता, डाव्या की उजव्या? तळहात वर होता की पालथा? तुम्ही तिथे होत्या, तुम्हाला आठवत असेल. मी हे सगळ्यांना विचारत फिरतो असं समजू नका, हे जगात तुम्हा एकट्यांनाच विचारता येते.

मधुकर

&nbsp;

एकोडी,
ता. १२-१२-७६

भाऊजी,

तुमचं पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं. उत्तर लिहाले सवड नाही भेटली.

उजवा हात होता. पालथा.

कवडसा आता बाजेपासून सव्वा हातावर आला. पण पयल्यासारखा नाही पळत. भल्लाच हळू चालून राहिला बाप्पा! मी बसते तिथं त्याच्यापाशी, दाणे निवडत. सुलोचना म्हणे, त्या पट्ट्याची भुई उखडून गेली, सारवत काहून नाही? तिले काय सांगू? थंडी लय आहे. दुपारी तेवढ्या जागेवर पाय ठेवला का ऊब लागते.

अजून माघाले महिना-दीड महिना आहे. तवापर्यंत पोचन. पोचाले पायजे.

भोजराजचं पत्र नाही. तुमचं येते, तर पोस्टमन आपल्या दाराशी थांबते. त्याले पाणी विचारते. तेवढंच कोणाशी बोलणं.

शकुन

&nbsp;

जवाहरनगर,
२६ डिसेंबर १९७६

वहिनी,

उजवा, पालथा. तसाच कोरला. गव्हाच्या दोन दाण्यांएवढा झाला आहे. बोटं पाडताना तीन वेळा मोडला. चौथ्यांदा जमला. आता मी दुसरं काही करतच नाही, ड्यूटीवरून आलो की बसतो तो दिवा लावायची वेळ होईपर्यंत. तुलारामजी रविवारी पत्ते खेळायला बोलवायचे, त्यांनीही बोलावणं सोडलं.

माघाची वाट पाहून राहिलो. संक्रांतीनंतरचं माप तेवढं नक्की पाठवा.

मधुकर

&nbsp;

एकोडी,
ता. १८-१-७७

भाऊजी,

संक्रांत झाली. तीळगूळ पाठवाले कोणी भेटलं नाही.

सूर्य उत्तरेले वळला, तसा कवडसाही उत्तरेले सरकला. आता बाजेवर चढला आहे. हात असते तिथंच येते. बरोबर बाराले.

आता मोजाचं काही राहिलं नाही.

शकुन

&nbsp;

जवाहरनगर,
६ फेब्रुवारी १९७७

वहिनी,

माझी पेटी खोटी निघाली.

आज रविवार, माघ चालू आहे, आभाळ स्वच्छ. क्वार्टरमागे पाट मांडला, पाणी ठेवून तो सपाट आहे का पाहिलं, खुंटीच्या सावलीवरून उत्तर धरली आणि पेटी ठेवली. तुलारामजींनाही बोलावलं होतं. बारा वाजता कवडसा आला, पण बाजेवर नाही. पावणेचार इंच अलीकडे, म्हणजे तुमच्या खोलीत अडीच हात. तुलारामजी म्हणाले, "अहो, छान तर दिसून राहिलं." मी त्यांच्यावर उगाच ओरडलो. ते निघून गेले.

तसं हे मागच्या रविवारपासून चालू आहे. आधी वाटलं छपराचा उतार चुकला. रजा टाकली, छप्पर उचकटून पुन्हा बसवलं. दोनशे ऐंशी कवेलू. मग भोक चुकलं वाटलं, ते बुजवून दुसरं पाडलं. गंमत म्हणजे तुमच्या नोव्हेंबरच्या मापाशी पेटी तंतोतंत जुळते, आणि संक्रांतीच्या मापाशी काही केल्या जुळत नाही. वहिनी चुकीचं माप देणार नाहीत, तेव्हा माझाच हात चुकला. वीस वर्षं पेट्या करणारा माणूस मी, मला एक खोली बरोबर करता येत नाही! मायच्या वेळी उशीर झाला, आता पेटीतही कवडसा तिच्यापर्यंत नेता येत नाही.

सगळं मोडून पहिल्यापासून करणार आहे. तुम्हाला त्रास होईल, पण कवेलूची उंची आणि बाजेची जागा पुन्हा एकदा मोजून पाठवा. हा माघ गेला तर पुढच्या माघापर्यंत मी थांबणार नाही. माझ्याच्यानं थांबवणार नाही.

मधुकर

&nbsp;

एकोडी,
ता. १७-२-७७

भाऊजी,

पेटी मोडू नका. तुमची पेटी खरी आहे. मी खोटी आहो.

पौष लागला अन् कवडसा थांबला. चार-पाच दिवस जागचा हलला नाही, बाज हातभर दूर. मंग मागं फिरला. मले वाटलं होतं, संक्रांतीपासून सूर्य उत्तरेले जाते तर कवडसाही तिकडेच जाईन, माघापर्यंत बाजेवर चढन अन् माझं खोटं खरं होईन. सूर्य इकडे आला का कवडसा तिकडे जाते, हे केस पिकल्यावर कळलं मले. जन्म गेला या खोलीत झाडू मारता मारता. एक दिवस तर मी बाजच दोन हात ओढून घेतली, कवडशाच्या खाली. वरती झोपून हात ठेवून पाह्यला. मंग माझी मलेच लाज वाटली अन् बाज मागं लोटली. त्याच दिवशी तुमाले ते संक्रांतीचं पत्र लिहिलं.

आता ऐका. कवडसा मायच्या हातावर नव्हता. असता तरी मले माहीत नसतं. मी तिथं नव्हती.

खळ्यावर धान मळाचा चुरणा लागला होता. माणसं मिळत नव्हती. मायले दोन दिवसांपासून बरं होतं, पेज पेली होती. तीच म्हणे, "जा तू बी, मले काही होत नाही." तिच्यापाशी गडवाभर पाणी ठेवलं अन् मी गेली. तुमचे दादा खळ्यावरच होते. आम्ही दोघं दिवेलागणीले घरी आलो तर माय थंडी पडली होती. दुपारी गेली का सकाळी, कोणाले माहीत. काय बोलली, कोणाचं नाव घेतलं, कोणाले माहीत. गडव्यातलं पाणी तसंच भरलेलं होतं.

तुमचे दादा भिंतीले डोकं लावून बसले. मंग मले म्हणे, "मदूले सांगू नको एकटी गेली म्हणून. त्याच्या जिवाले लागल. तू उशाशी होती म्हण." कधी जीव गेला तेच माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमची वाट पाहून उचलावं लागलं. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून त्याईले काय काय बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मी आतून येऊन सांगणार होती, त्याईनं हातानं मले थांबवलं.

'मदू आला का' हे मी आपल्या मनानं लावलं. हात अन् कवडसाही. तुमचं तोंड पाहून निघालं तोंडातून. मंग बारा वर्षं मागं घेता नाही आलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो आता बसला. तुम्ही डावा का उजवा विचारलं तवाच सांगाले पायजे होतं. पण सांगितलं असतं तर तुमचं पत्र बंद झालं असतं. मले त्याची भीती वाटली. दुसरं कोणी नाही मले लिहिणारं.

आता जे वाटन ते करा.

शकुन

&nbsp;

एकोडी,
ता. २०-३-७७

भाऊजी,

आज पाडवा. उत्तर नाही आलं. तुमचा राग बरोबर आहे. शिव्या द्याच्या असतीन तर कार्डावर द्या, पोस्टमननं वाचल्या तरी चालन.

तब्येत बरी आहे का एवढं कळवा. तेवढंच.

शकुन

&nbsp;

जवाहरनगर,
३ एप्रिल १९७७

ती. वहिनी,

तब्येत बरी आहे.

दीड महिना लिहिलं नाही, कारण हातात पेन घेतलं की वाईटच सुचायचं. तुमच्यावर राग होता. दादांवर होता, ते तर आता ऐकायलाही नाहीत. सूर्यावरसुद्धा होता, हसू नका. पेटी उचलून आपटणार होतो. हातात घेतली आणि पाहिलं की एक कवेलू निघालं आहे, ते चिकटवत बसलो. सुताराची जात, काय करणार.

मग रोज दुपारी, सुटी असेल तेव्हा, पेटी उन्हात ठेवून बसू लागलो. कवडसा कुठे बाजेपर्यंत जातो! तो आता पार दाराकडे सरकला. गोधडीवर अंधार, हातावर अंधार. अशीच गेली असेल ती. तुम्ही दिलेल्या त्या चार ओळी माझ्याकडून कोणी हिसकावून घेतल्या असं वाटलं, आणि मी मोठ्यानं रडलो. गोदावरी गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. तुलारामजी भिंतीवरून डोकावले. त्यांना सांगितलं सगळं. ते चहा घेऊन आले.

वहिनी, बारा वर्षं मला वाटत होतं की सगळे तिथे होते, मी एकटाच नव्हतो. तुम्ही होत्या, दादा होते, ऊनसुद्धा होतं, आणि पोटचा पोरगा तेवढा नव्हता. लग्नात, मयतीत, कुठेही चार माणसांत बसलो की मनात हेच यायचं. आता कळलं की कोणीच नव्हतं. मायसाठी जीव तुटतो. पण तुम्हीही नव्हत्या, दादाही नव्हते, हे वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की ह्या दुःखात माझ्याजवळ कोणीतरी बसलं आहे.

दादांचं मात्र सहन होत नाही. उंबऱ्यात मी काय काय बोललो, आणि ते ऐकत राहिले. एवढंच म्हटलं असतं, "मीही नव्हतो रे मदू," तर मी त्यांच्या गळ्यात पडलो असतो. आता कोणाची माफी मागू?

पेटी तशीच ठेवली आहे. हात काढला नाही, बाज सरकवली नाही. कवडसा पोचत नाही तर नाही पोचत.

१७ तारखेला रविवार आहे. शब्द मोडल्याचा दोष मी घेतो. येऊ का?

मधुकर

&nbsp;

एकोडी,
ता. ९-४-७७

भाऊजी,

येऊ का म्हणून कायले विचारता? घर तुमचं आहे. साकोलीवरून सकाळची बस धरा, फाट्यावर उतरा. तिथून पायी या, पण डोक्याले दुपट्टा बांधजा, ऊन भल्लं तापून राहिलं.

मोहफुलं पडून राहिली. रविवारी गावच्या समद्या बाया वेचाले जंगलात जाणार आहेत. सुलोचना मले बोलवाले आली होती. मी नाही म्हटलं. सकाळची बस चुकली तर दुपारच्या बसनं या, तीही चुकली तर संध्याकाळी या. मी त्या दिवशी कुठीच नाही जात. दिवसभर घरीच राहीन.

शकुन